मर्ल ओबेरॉनचं जन्मगाव

२०२३ च्या मार्चमध्ये मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्याआधी, नामांकनं जाहीर झाल्यापासून, अमेरिकी वृत्तमाध्यमं एका वाक्यापाशी अडखळत होती. 'या पुरस्कारासाठी नामांकन मिळालेल्या पहिल्या आशियाई अभिनेत्री' असं सरळ लिहिता येत नव्हतं. म्हणून 'स्वतःची ओळख आशियाई अशी सांगणाऱ्या पहिल्या' असं लिहिलं गेलं. अनेकांना ते खटकलं, काहींना तो यो यांचा अपमान वाटला. पण ही जपून केलेली शब्दरचना ८७ वर्षांपूर्वीच्या एका नामांकनामुळे आली होती. 'द डार्क एंजल' या १९३५ च्या चित्रपटासाठी मर्ल ओबेरॉन त्याच पुरस्काराच्या शर्यतीत होती. मर्लचा जन्म मुंबईचा. तिला वाढवणारी बाई मूळची सिलोनची. आणि यातलं काहीही मर्लने मरेपर्यंत जाहीरपणे मान्य केलं नाही.

तिचं जाहीर जन्मगाव होतं टास्मानिया बेटावरचं होबार्ट. वडील ब्रिटिश लष्करी अधिकारी, ते लवकर वारले, मग ही मुलगी हिंदुस्थानात एका खानदानी धर्ममातेकडे वाढली आणि जन्माचे कागद आगीत जळून गेले, अशी ही कथा. ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रचली गेली आणि जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. तिच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना या कथेचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत होतो, 'तिने आपलं मूळ लपवलं' असा. हे वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. लपवण्याचा निर्णय कुणी घेतला, कोणत्या कायद्यांमुळे घेतला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे त्यात येत नाही.

मुंबईतल्या तिच्या जन्माची तारीख १९ फेब्रुवारी १९११. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. वडील इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचे, इथे रेल्वेत यांत्रिकी अभियंता होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते वारले. त्याच १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. राणीच्या त्या हिंदुस्थान भेटीवरून घरात तिला 'क्वीनी' म्हणू लागले. गेटवे ऑफ इंडिया ज्या घटनेच्या स्मरणार्थ उभा राहिला, त्याच घटनेवरून या मुलीचं लाडाचं नाव पडलं.

त्याच वर्षाची आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. १९११ च्या जनगणनेत सरकारने मिश्र वंशाच्या लोकांसाठी 'युरेशियन' ऐवजी 'अँग्लो-इंडियन' हा शब्द अधिकृतपणे स्वीकारला. त्याआधी तो शब्द हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या साहेबांसाठी वापरला जायचा, त्यामुळे त्या साहेबांना हा बदल मुळीच रुचला नाही. समाजाचं नाव बदललं, पायरी तीच राहिली. रेल्वे, तार, टेलिफोन आणि जकात या खात्यांतल्या मधल्या नोकऱ्या या समाजासाठी जणू राखून ठेवलेल्या होत्या. भायखळ्यापासून कल्याण, इगतपुरी, भुसावळपर्यंतच्या रेल्वे वसाहतींमध्ये त्यांची घरं होती, नाचगाण्याचे हॉल होते, चर्च होती. पण साहेबांच्या क्लबात त्यांना प्रवेश नव्हता, आणि हिंदी माणूस त्यांना साहेबांच्या बाजूचे समजायचा. समाजाच्या आतही रंगाची उतरंड होती. उजळ वर्णाची मुलगी 'युरोपियन' म्हणून खपू शकायची, मात्र त्यासाठी सावळ्या नातेवाइकांपासून अंतर राखावं लागायचं. मर्लने पुढे जे हॉलिवूडमध्ये केलं, त्याचे धडे रेल्वे वसाहतीतल्या प्रत्येक घराला पाठ होते. ही रीत लंडनच्या प्रसिद्धीवाल्यांनी शोधून काढलेली नव्हती, त्यांनी तिला फक्त मोठा रंगमंच दिला.

तिच्या घरात तर आणखी एक गुपित होतं. मर्ल जिला आई म्हणत वाढली ती बाई सिलोनहून आलेली, मिश्र वंशाची. तिच्यात माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं, रक्तही होतं असं सांगितलं जातं. तिची मोठी मुलगी मर्लची सावत्र बहीण समजली जायची. प्रत्यक्षात ती मर्लची जन्मदात्री होती आणि मर्ल जन्मली तेव्हा ती स्वतः लहान मुलगीच होती. तिने आपलं मूल आपल्या आईच्या पदरात टाकलं, पुढे लग्न केलं, आणखी मुलं झाली. त्या मुलांना मर्ल ही आपली मावशी आहे असंच माहीत होतं. अल्पवयीन मुलीवर काय ओढवलं असेल याची कल्पना करता येते, आणि ते झाकण्यासाठी आजीने आई होणं त्या काळात कुणालाही योग्यच वाटलं असतं. टास्मानियाच्या आधी या मुलीच्या आयुष्यात एक बनावट जन्मकथा होतीच, आणि ती रचताना तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

१९१७ मध्ये आजी तिला घेऊन कलकत्त्याला गेली. तिथल्या ला मार्टिनियर या नावाजलेल्या मुलींच्या शाळेत तिला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. पण वर्गातल्या गोऱ्या मुलींनी तिच्या वंशावरून इतकं छळलं की शाळा सोडून घरी शिकवणी लावावी लागली. हौशी नाट्यसंस्थेत कामं, सिनेमाचं वेड आणि टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, असं तिचं पुढचं कलकत्ता. चौरंगीवरच्या फिर्पोजमध्ये गोरे अधिकारी, व्यापारी, संस्थानिक जेवायला आणि नाचायला येत. दिसायला विलक्षण देखणी असलेली क्वीनी तिथे जाऊ लागली.

इथे मुंबईतल्या दुसऱ्या एका टेलिफोन ऑपरेटरची आठवण होणं अपरिहार्य आहे. पुण्यात १९०७ मध्ये जन्मलेली रूबी मायर्स ही ज्यू मुलगी याच सुमारास कोहिनूर फिल्म कंपनीत गेली आणि 'सुलोचना' या नावाने मूकपटांची सम्राज्ञी झाली. (आपल्या मराठी पडद्यावरच्या सुलोचनादीदी वेगळ्या.) घरंदाज हिंदू-मुसलमान बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून हिंदी मूकपटांनी ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींना घेतलं आणि अनेकींना हिंदू नावं दिली. कलकत्त्याची रेने स्मिथ 'सीता देवी' झाली. म्हणजे क्वीनीला हिंदुस्थानातच नटी होण्याची वाट खुली होती. त्या वाटेवरही नाव बदलावं लागलंच असतं. फरक एवढाच की रूबी मायर्सच्या मुळाबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावाचून तिचं काही अडलं नाही. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, आणि मर्लचा शेवटचा चित्रपटही १९७३ चाच. एकीला तिच्या देशाने उघडपणे गौरवलं. दुसरी त्या वेळी मेक्सिकोत स्वतःच्या पैशाने काढलेल्या चित्रपटात काम करत होती, आणि तिच्या जन्मगावाला ती कोण हे सांगायची सोय नव्हती.

क्वीनीला हिंदी पडदा नको होता. फिर्पोजमध्ये तिची ओळख एका माजी अभिनेत्या अधिकाऱ्याशी झाली. तो तिच्यात गुंतला, पण एका रात्री घरी आल्यावर त्याने तिची सावळी आजी पाहिली आणि नातं तिथेच संपवलं. जाताना त्याने फ्रान्सच्या दक्षिणेला नीस इथे चित्रपट करणाऱ्या एका दिग्दर्शकाशी गाठ घालून देण्याचं वचन दिलं. आजी आणि नात बोटीने फ्रान्सला पोहोचल्या तेव्हा तो भेटला नाही, मात्र दिग्दर्शकाच्या कानावर त्याने घातलं होतं. तिथे तिला गर्दीतलं एक काम मिळालं. १९२८ च्या सुमारास दोघी लंडनमध्ये आल्या. क्वीनी ओब्रायन या नावाने ती कॅफे द पारी या क्लबात यजमानीण म्हणून राबत होती आणि चित्रपटांत नावही न येणाऱ्या भूमिका करत होती. हा काळ चार-पाच वर्षांचा आहे. तिच्या चाहत्यांसाठी लिहिलेल्या जुन्या मजकुरांत तो एका वाक्यात उरकलेला असतो, कारण त्यात खानदानी धर्ममाता कुठेच बसत नाही.

मग अलेक्झांडर कोर्डा. हंगेरीतून आलेला हा ज्यू निर्माता लंडनमध्ये आपलं साम्राज्य उभारत होता आणि चेहरे शोधत होता. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' मध्ये त्याने तिला ॲन बोलिन केलं. भूमिका छोटी, चित्रपटाच्या सुरुवातीलाच राणीचा शिरच्छेद होतो. पण वधस्तंभाकडे जाण्यापूर्वी आरशात केस नीट करणारी ती बाई प्रेक्षकांच्या लक्षात राहिली. चित्रपट अमेरिकेत तुफान चालला. 'ओब्रायन' चं 'ओबेरॉन' याच दिवसांत झालं.

या पहिल्या दोन वर्षांतल्या तिच्या भूमिका नीट पाहाव्यात. डॉन ह्वानवरच्या चित्रपटात ती स्पॅनिश नर्तकी आहे. १९३४ च्या 'द बॅटल' मध्ये ती जपानी सरदाराची बायको आहे. 'द स्कार्लेट पिंपर्नेल' मध्ये इंग्लिश उमरावाची फ्रेंच पत्नी. युरोपी निर्मात्यांना तिच्या चेहऱ्यातलं परकेपण दिसत होतं आणि ते त्यावर पैसे कमावत होते. चेहरा परका असलेला चालेल, कूळ परकं असलेलं चालणार नाही, हा व्यवहार तेव्हाच ठरून गेला. टास्मानियाची कथा या व्यवहाराचा भाग म्हणून आली.

टास्मानियाच का? बेट इंग्लंड-अमेरिकेपासून इतकं दूर होतं की तिथे जाऊन कुणी चौकशी करण्याची शक्यता नव्हती. तरी ते साम्राज्यातलं होतं आणि 'पक्कं ब्रिटिश' म्हणून ओळखलं जायचं. हिंदुस्थानाशी आलेला संबंध पूर्ण पुसता येणार नव्हता, कारण कलकत्त्याच्या क्लबांत तिला पाहिलेले शेकडो साहेब लंडनला ये-जा करत होते. म्हणून कथेत हिंदुस्थान ठेवला, फक्त जन्म आणि आईबाप दुसरीकडे हलवले. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. बावीस वर्षांच्या, सहा महिन्यांपूर्वी क्लबात ग्राहकांशी गप्पा मारणाऱ्या मुलीने एकटीने ती केली, हे पटत नाही. ती कोर्डाच्या प्रसिद्धी विभागातून बाहेर पडली. तिने तिला होकार दिला आणि पुढे आयुष्यभर ती स्वतःच्या तोंडाने सांगितली, ही तिची जबाबदारी. पण 'मर्लचं खोटं' असा तिचा उल्लेख करताना निर्मात्यांना आणि करारावर सही करणाऱ्या कंपन्यांना आपण मोकळं सोडतो.

प्रश्न हिंदुस्थानात जन्म घेण्याचा नव्हता, याचा भक्कम पुरावा कोर्डाच्याच कंपनीत होता. १९३५ पासून तिथे करारावर असलेली विव्हियन ली दार्जिलिंगला जन्मली होती. १९१३ चा जन्म, वडील कलकत्त्यातल्या दलालीच्या पेढीत. तिच्याबाबत ही गोष्ट कधीही दडवली गेली नाही, उलट हिमालयाच्या पायथ्याशी झालेला जन्म तिच्या परिचयात शोभेसारखा यायचा. एकच निर्माता, दोन अभिनेत्री, दोघींचा जन्म हिंदुस्थानातला, वयात पावणेतीन वर्षांचं अंतर. एकीला दार्जिलिंग अलंकार म्हणून मिळालं आणि दुसरीला मुंबई पुसून टाकावी लागली. ली गोरी म्हणून मोजली जात होती. मर्लच्या बाबतीत तशी खात्री देता येत नव्हती.

१९३४ च्या अखेरीस ती हॉलिवूडला पोहोचली तेव्हा हे पुसणं आणखी निकडीचं झालं. चित्रसृष्टीने स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता १९३० पासून कागदावर होती, १९३४ च्या जुलैपासून ती कडकपणे लागू झाली. तिच्यात वर्णसंकराचं चित्रण निषिद्ध होतं. शब्द गोऱ्या आणि काळ्यांविषयी होते, पण व्यवहारात ते आशियाईंनाही लावले जात. १९३७ च्या 'द गुड अर्थ' मध्ये चिनी शेतकऱ्याची भूमिका गोऱ्या नटाला गेली. मग त्याच्या बायकोच्या भूमिकेसाठी अॅना मे वाँग या चिनी-अमेरिकी अभिनेत्रीचा विचारच होऊ शकला नाही. ती भूमिका एका युरोपी अभिनेत्रीने केली आणि तिला ऑस्कर मिळालं. मर्लचं मूळ उघड झालं असतं तर तिला कोणत्या भूमिका मिळाल्या असत्या, याचं उत्तर वाँगच्या कारकिर्दीत लिहिलेलं आहे.

त्याहून जबर होता तिथला कायदा. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून अमेरिकेत येऊन राहण्यावर बंदी घातली होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या शीख माजी सैनिकाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. १९२४ च्या कायद्याने दारं आणखी घट्ट लावली. हिंदुस्थानींना नागरिक होण्याची वाट १९४६ मध्ये उघडली, आणि तीही वर्षाला १०० जणांच्या मर्यादेत. मर्ल अमेरिकेतली आघाडीची नायिका होती ती नेमकी या मधल्या काळात. जन्म मुंबईचा आणि आईकडचं घराणं आशियाई, हे कागदावर आलं असतं तर भूमिका तर गेल्याच असत्या, तिथे राहण्याचा तिचा हक्कही वादात सापडला असता. तिच्या मौनाला 'लाज' म्हणणाऱ्यांनी हा कायदा डोळ्यांपुढे ठेवायला हवा. तिला लाज वाटत होती की नव्हती हा वेगळा मुद्दा आहे. भीती वाटायला मात्र सबळ कारण होतं.

हॉलिवूडमधला निर्माता सॅम्युएल गोल्डविनने तिच्या करारातला वाटा विकत घेतला आणि 'द डार्क एंजल' मध्ये तिचं रूप पालटलं. तिरपे रेखलेले डोळे, चापून बसवलेले काळे केस गेले. मऊ केसांची, साध्या वेशातली इंग्लिश गावची मुलगी आली. अनेकांना ही निवड चुकीची वाटत होती, गोल्डविन हट्टाने तिच्यामागे उभा राहिला. १९३६ च्या समारंभात नामांकन मिळालेल्या सहा अभिनेत्रींमध्ये बेटी डेव्हिस, कॅथरीन हेपबर्न, क्लॉडेट कोल्बेअर होत्या आणि मर्लही. पुरस्कार डेव्हिसला गेला. मर्लला पुन्हा कधी नामांकन मिळालं नाही.

१९३७ मध्ये तीन गोष्टी घडल्या आणि तिघींचेही परिणाम लांबले. रोमन सम्राटावरच्या 'आय, क्लॉडियस' चं चित्रीकरण लंडनमध्ये चालू असताना तिच्या मोटारीला अपघात झाला, चेहऱ्याला जखमा झाल्या आणि आधीच रखडलेला तो चित्रपट कायमचा बंद पडला. त्याच वर्षी तिला वाढवणारी आजी वारली. आणि मर्ल आता दोन्ही खंडांत मोठी नायिका होती, त्यामुळे टास्मानियाची कथा मागे घेण्याची वेळ निघून गेली होती.

आजीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. लंडनच्या घरात ती मर्लसोबत राहायची, आणि पाहुण्यांपुढे घरची मोलकरीण म्हणून वावरायची, असं मर्लवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदवलं आहे. मुंबईत जिने नातीची अब्रू राखण्यासाठी आईपण घेतलं, तिने लंडनमध्ये नातीच्या कारकिर्दीसाठी दासीपण घेतलं. १९४९ मध्ये मर्लने तिच्या एका जुन्या फोटोवरून तैलचित्रं काढून घेतली आणि चित्रकाराला रंग उजळ करायला सांगितला. ती चित्रं पुढे तिच्या घरात होती. याला क्रूरपणा म्हणणारे आहेत. मला त्यात प्रेम आणि भीती दोन्ही दिसतात, आणि त्यातलं एक दुसऱ्यापासून वेगळं काढता येईल असं वाटत नाही. आई भिंतीवर हवीच होती, पण ती ज्या रंगाची होती त्या रंगात तिला भिंतीवर ठेवणं शक्य नव्हतं.

'वदरिंग हाइट्स' (१९३९) बद्दल मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. पण पार्श्वभूमी म्हणून दोन गोष्टी. नायक झालेल्या लॉरेन्स ऑलिव्हिएला नायिका कॅथीच्या भूमिकेत विव्हियन ली हवी होती, म्हणजे या चित्रपटाच्या नायिकेसाठीही दार्जिलिंग आणि मुंबई समोरासमोर आल्या. आणि मूळ कादंबरीत काळासावळा, ठावठिकाणा नसलेला नायक हीथक्लिफ कुठून आला असेल याची अटकळ बांधताना 'लॅस्कर' हा शब्द येतो. म्हणजे इंग्रजी जहाजांवर राबणारा हिंदुस्थानाकडचा खलाशी. कोकणातली किती घरं त्या खलाशी पगारावर चालली ते आपल्याला ठाऊक आहे. पडद्यावर तो हीथक्लिफ एका अस्सल इंग्रजाने केला, आणि ज्या गोऱ्या मुलीशी लग्न हीथक्लिफच्या आवाक्याबाहेरचं असतं, ती भूमिका केली मुंबईच्या मिश्र वंशाच्या मुलीने. चित्रपटाला आठ नामांकनं मिळाली, त्यांत ऑलिव्हिए होता, मर्ल नव्हती. हवेलीतली श्रीमंती आणि माळरान यांच्यात फाटलेली तिची कॅथी मला त्या चित्रपटातलं सर्वांत खरं काम वाटतं.

त्याच वर्षी तिने कोर्डाशी लग्न केलं. १९४२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि क्वीनी थॉम्पसन 'लेडी कोर्डा' झाली. कलकत्त्यातल्या ज्या वर्गाने तिला शाळेतून पळवून लावलं होतं, त्याच्याही वरच्या पायरीवर. १९४५ मध्ये घटस्फोट, मग छायालेखक लुसियन बॅलार्डशी लग्न. 'द लॉजर' (१९४४) च्या वेळी बॅलार्डने कॅमेऱ्याच्या अगदी जवळ लावायचा एक दिवा तयार केला. त्याचा सरळ चेहऱ्यावर पडणारा प्रकाश अपघाताचे व्रण पुसून टाकायचा. तो दिवा आजही तिच्या नावावरून 'ओबी' म्हणून ओळखला जातो. त्वचा उजळ ठेवण्यासाठी वापरलेल्या प्रसाधनांनीही तिच्या चेहऱ्याचं नुकसान झालं होतं आणि त्यावर वेदनादायक उपचार तिने सोसले होते. पुढचे चित्रपट हळूहळू विरळ होत गेले. १९५४ च्या 'देझिरे' मध्ये ती सम्राज्ञी जोसेफिन आहे. नंतर मेक्सिकोतल्या एका उद्योगपतीशी विवाह, दोन दत्तक मुलं, आणि १९७५ मध्ये चौथं लग्न.

इकडे टास्मानियाने ही लेक मनापासून स्वीकारली होती. तिच्या नावाने तिथे नाट्यगृह झालं. पण गंमत वाटावी अशी नव्हे तर विचारात पाडणारी गोष्ट निराळीच आहे. बेटावर कथेची दुसरी आवृत्ती फिरू लागली. तिच्यानुसार मर्ल सेंट हेलेन्स या गावातल्या एका हॉटेलमालकाला चिनी वंशाच्या कामवालीपासून झालेली मुलगी होती आणि तिला लहानपणी दूर धाडलं गेलं. म्हणजे कोर्डाच्या प्रसिद्धी विभागाने दिलेलं गोरं कुटुंब टास्मानियाच्या लोकांनी स्वीकारलं नाही. तिच्या चेहऱ्यात त्यांनाही आशिया दिसला आणि आपल्या बेटाच्या इतिहासात बसेल अशी आई त्यांनी तिला दिली. मुंबईचे कागद पुढे आल्यावरही तिथल्या अनेकांनी ही कथा सोडली नाही, आणि ज्या कुटुंबाबद्दल ती सांगितली जायची त्यातल्या लोकांसाठी ती निव्वळ अफवा नव्हती, घरची आठवण होती.

१९७८ मध्ये होबार्टच्या महापौरांनी तिच्यासाठी स्वागत समारंभ ठेवला. तिथल्या जन्माचा काही पुरावा नाही, हे समारंभाच्या जरा आधी यजमानांच्या लक्षात आलं होतं, तरी कार्यक्रम रद्द झाला नाही. तिथे पोहोचल्यावर तिने आपला जन्म टास्मानियाचा नसल्याचं सांगितलं आणि प्रकृतीचं कारण देऊन ती निघून गेली. बाकीचा मुक्काम तिने हॉटेलातच काढला. मग जन्म कुठला, हे तिने तिथे सांगितलं नाही. पन्नास वर्षांच्या कथेचा अर्धा भाग तिने स्वतःच्या हाताने मोडला आणि उरलेला अर्धा तसाच ठेवला. वर्षभरातच, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, कॅलिफोर्नियातल्या मॅलिबू इथे ती वारली.

कागद त्यानंतर बोलू लागले. १९८३ मध्ये आलेल्या चरित्राने तिचं हिंदुस्थानी मूळ पहिल्यांदा तपशिलाने मांडलं. १९८५ मध्ये कोर्डा घराण्यातल्याच एका पुतण्याने तिच्यावर बेतलेली कादंबरी लिहिली, तिचं शीर्षक 'क्वीनी' च होतं, आणि १९८७ मध्ये तिच्यावरून दूरचित्रवाणी मालिका झाली. घरातल्या माणसाने घरचं गुपित विकल्याची टीका तेव्हा झाली, आणि ती अस्थानी नव्हती.

त्या चरित्रातही मुख्य गाठ सुटलेली नव्हती. ती सोडवली कॅनडात स्थायिक झालेल्या तिच्या एका नातेवाइकाने. तो स्वतःला तिचा भाचा समजत होता. मुंबईतल्या सरकारी दफ्तरात त्याने तिच्या जन्माची नोंद मिळवली, आणि तिच्यात आईच्या जागी त्याच्या स्वतःच्या आईचं नाव होतं. मावशी ही आपली सावत्र बहीण आहे, हे त्याला एका सरकारी कागदावरून कळलं. तो लॉस एंजेलिसला तिला भेटायला गेला होता तेव्हा तिने भेट नाकारली होती. तरीही चरित्रकाराला त्याने ही गोष्ट सांगितली नाही. ती बाहेर आली २००२ मधल्या एका ऑस्ट्रेलियन माहितीपटातून. टास्मानिया आणि मुंबई या दोन्ही जन्मकथा ज्या आस्थेने त्या माहितीपटात ऐकल्या गेल्या, तशा आधी कुणी ऐकल्या नव्हत्या.

हे सगळं माहीत असतानाही २०२३ मध्ये वृत्तमाध्यमांनी 'ओळख सांगणाऱ्या पहिल्या' हा तोडगा काढला. त्यामागचा हेतू समजतो. यो यांचा मान त्यांना निर्विवाद मिळावा, आणि जिने आयुष्यभर आपण गोऱ्या आहोत असंच सांगितलं तिला मरणोत्तर दुसऱ्या रांगेत उभं करू नये. पण या सूत्राची दुसरी बाजूही आहे. ओळख उच्चारण्याचा हक्क ज्या काळात कायद्यानेच हिरावला होता, त्या काळातल्या बाईला 'तू उच्चारली नाहीस' म्हणून यादीतून वगळलं जातं. यो यांचा विजय पहिलाच होता, त्यात कसलाही वाद नाही. नामांकनाच्या बाबतीत मात्र माझ्या मते १९३६ साल मोजायला हवं. दक्षिण आशियाई वंशाच्या लेखकांनी तेव्हा ही बाजू जोरात मांडली. २०२५ मध्ये आलेल्या नव्या चरित्राने तर अमेरिकेतल्या स्थलांतर कायद्यांची बाजू मध्यभागी आणून मर्लकडे पाहण्याची दिशाच बदलली. आता दक्षिण आशियात जन्मलेल्या कलाकारांचा ऑस्करमधला इतिहास सांगणारे बरेच लेख १९३६ पासून सुरू होतात, आणि जन्मस्थानाच्या जागी तिथे मुंबई लिहिलेलं असतं.